आजचं चिंतन : फुकटच्या सेवेची किंमत



आज गीता, अध्याय १७, श्लोक १५. वाणीचं तप म्हणजे बोलणं न बोचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असणं. या कसोटीवर मी किल्लारीत नापास झालो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून झोपलेलं हे गाव भूकंपात जमीनदोस्त झालं. पुढे नवं गाव दुसरीकडे वसलं. ज्येष्ठांच्या आठवणींतून जुन्या गावाचा नकाशा करायचा, असं आम्ही काही मित्रांनी ठरवलं. सगळं सुट्टीच्या दिवशी, पदरमोड करून. पहिला नकाशा लॅपटॉपवर दाखवला. एक आजोबा म्हणाले, "लेकरा, आमची गल्ली कुठाय?"

मी फटकन बोललो, "आजोबा, हे सगळं आम्ही फुकट करतोय."

ते गप्प झाले.

ऑफिसात रिव्ह्यूमध्ये वीस चुका निघाल्या तरी मी शांत असतो. मग इथे एक प्रश्न का झोंबला? कारण तिथे पगार मिळतो. इथे मी कौतुकाचा पगार धरून बसलो होतो. म्हणजे सेवा फुकट नव्हतीच! माझं वाक्य खरं होतं, पण ना प्रिय, ना हिताचं.

संध्याकाळी जाऊन माफी मागितली, कागद पुढे केला. त्यांनी थरथरत्या हाताने एकेक घर काढलं, प्रत्येक घरातली माणसं सांगितली. चूक दाखवणारा माणूसच नकाशा पूर्ण करत होता.

आजचा अभ्यास एवढाच : कुणी चूक दाखवली, तर पहिला शब्द "पण" नको, "सांगा" म्हणू या.

राम कृष्ण हरी!