पहिला मान कोणाचा?

छावणीच्या जुन्या गावात ज्यांचे बालपण गेले, त्यांना एक इमारत आठवत असेल. चर्चपासून फार दूर नाही, भिंती दगडी, खिडक्या बहुधा बंद आणि दारावर गुण्या व कर्कटक यांची खूण. आम्ही मुले तिला ‘जादूघर’ म्हणत असू आणि संध्याकाळी तिच्यासमोरून जाताना पावले झपझप टाकीत असू. ती फ्रीमेसन लोकांची लॉज आहे, हे पुढे मोठेपणी कळले.

ख्रिस्ती मनुष्याने या संस्थेत जावे की नाही, हा वाद जुना आहे. १७३८ साली रोमच्या पोपने आपल्या लोकांना तशी मनाई केली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याविषयी एकमत झालेले नाही. तो वाद येथे करावयाचा नाही. या संस्थेच्या एका लहानशा गावातील लॉजची जन्मकथा माझ्या वाचनात आली, आणि तिने मला माझ्याच एका चुकीपाशी आणून उभे केले. म्हणून हा लेख.

स्कॉटलंडच्या पश्चिम भागात, एअरशायर परगण्यात, किल्विनिंग नावाचे गाव आहे. बाराव्या शतकात तेथे एक मोठा मठ बांधण्यात आला. त्याचे भग्न अवशेष आजही पाहावयास मिळतात. तेथील लॉजची परंपरा अशी सांगते की, मठ बांधावयास आलेल्या पाथरवटांनी व गवंड्यांनीच त्या काळी ही लॉज स्थापन केली. म्हणून ती सर्वांत जुनी, सर्व लॉजांची आई. ‘मदर किल्विनिंग’ हे नावच तिला पडले. आता मठ तर खरा आहे. गवंडीही खरे असलेच पाहिजेत, कारण दगडी मठ आपोआप उभा राहत नाही. बांधकामाशेजारी गवंडी ज्या झोपडीत हत्यारे ठेवीत, भाकरी खात आणि विसावा घेत, तिलाच मुळात लॉज म्हणत. परंतु त्या बाराव्या शतकातला, लॉजच्या स्थापनेचा म्हणता येईल असा लेखी पुरावा नाही.

लेखी पुरावा मिळतो तो पुष्कळ उशिराचा. राजा सहावा जेम्स याच्या बांधकामांवरील मुख्य अधिकारी विल्यम शॉ याने १५९८ व १५९९ साली गवंड्यांसाठी नियम घालून दिले. १५९९ च्या नियमांत एडिंबरोची लॉज पहिली, किल्विनिंगची दुसरी आणि स्टर्लिंगची तिसरी असा क्रम दिला आहे. एडिंबरोच्या ‘मेरीज चॅपल’ लॉजपाशी १५९९ पासूनचे वृत्तांत आहेत. किल्विनिंगची वही सुरू होते ती १६४२ साली.

पुढे दिवस पालटले. हाताने दगड घडविणाऱ्यांच्या या मंडळांत जमीनदार, वकील व सरदार येऊन बसले. हातोडी आणि गुण्या ही कामाची हत्यारे न राहता नीतिबोधाची चिन्हे झाली. १७३६ साली स्कॉटलंडमधील लॉजांनी मिळून आपली वरिष्ठ संस्था, म्हणजे ग्रँड लॉज, स्थापन केली. तेव्हा यादीत कोणाचे नाव कितवे लिहावे, हा प्रश्न आला. ज्याचा कागद जुना त्याचा मान आधी, असे ठरले. एडिंबरोला १ क्रमांक मिळाला, किल्विनिंगला २.

किल्विनिंगला हे सहन झाले नाही. १७४३ च्या सुमारास ते बंधू रुसून बाहेर पडले. साठांहून अधिक वर्षे ते वेगळे राहिले आणि स्वतःच्या अधिकारात नव्या लॉजांना सनदा देत राहिले. अखेर १८०७ साली समेट झाला. एडिंबरोचा १ काढून घेता येत नव्हता, म्हणून किल्विनिंगचे नाव यादीत त्याच्याही वर घेण्यात आले. आज त्या नावापुढे जो आकडा लिहितात, तो आहे ०.

वाचकहो, आपल्याला हसू येईल. बंधुभाव हे ज्यांचे ब्रीद, ते एका आकड्यासाठी दोन पिढ्या एकमेकांपासून दूर राहिले, आणि शेवटी हाती आले ते शून्य! तथापि हसण्याआधी थोडे थांबू या. हा मोह किल्विनिंगपुरता नव्हता. १७१७ साली लंडनमध्ये इंग्लंडची ग्रँड लॉज स्थापन झाली. तिच्यासाठी जेम्स अँडरसन यांनी नियमांचे पुस्तक तयार केले, ते १७२३ साली छापले गेले. त्या पुस्तकात त्यांनी आपल्या कलेचा इतिहास थेट आदामापासून सुरू केला. हे अँडरसन कोण? एका प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक! ज्याने पवित्र शास्त्र जन्मभर शिकविले, त्यालाही आपल्या संस्थेचा आरंभ साधा, अलीकडचा आहे, हे लिहिणे जड गेले. आणि हा सारा प्रकार आपल्या मुलखाला अगदीच परका आहे असेही नाही. मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ साली हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज काढली, ती स्कॉटलंडच्याच सनदेखाली.

येथे नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. आपल्या आरंभाची आठवण ठेवणे हे तर कर्तव्य आहे. शास्त्र आपल्याला वारंवार ‘आठवण ठेवा’ असेच सांगते. ज्या मंडळीला आपले पूर्वज ठाऊक नाहीत, ती उपकार कोणाचे मानणार? मग आठवणीचा अभिमान कोठे होतो, आणि अभिमान असत्यापर्यंत कसा पोहोचतो?

मला वाटते, याची एक साधी कसोटी आहे. आरंभाची कथा सांगताना आपण कोणाला झाकतो, ते पाहावे. शॉच्या १५९८ च्या नियमांत काय लिहिले आहे? उमेदवाराला निदान सात वर्षे शिकवावे. दुसऱ्याने घेतलेले काम त्याच्या हातून काढून घेऊ नये. एकमेकांशी खरेपणाने व प्रेमाने वागावे. आणि परांची पक्की बांधावी, म्हणजे तिच्यावर चढून काम करणाऱ्यास इजा होणार नाही. मला तर हा आरंभ आदामाच्या व राजांच्या कथेपेक्षा अधिक थोर वाटतो. उंच भिंतीवर चढलेल्या गरीब कामकऱ्याचा जीव वाचावा, ही चिंता त्यात आहे. परंतु ज्यांना मोठे कूळ हवे होते, त्यांना हे पाथरवट पुरेसे वाटले नाहीत. खोट्या आरंभाने खरे लोक झाकून गेले.

आता माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका मंडळीचा शतकमहोत्सव होता. स्मरणिका काढण्याचे ठरले आणि जुन्या कागदपत्रांवरून इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. बाप्तिस्म्याची पहिली नोंदवही मी उघडली. कागद तपकिरी झालेला, शाई फिकटलेली. पहिली नोंद एका मुलीची होती. नुसते नाव, आडनाव नाही. वडिलांच्या नावाच्या रकान्यात रेघ ओढलेली. वय अंदाजे नऊ. शेऱ्यात मिशनरी साहेबांनी लिहिले होते की, दुष्काळात सापडलेली, अनाथ. त्यापुढच्या नोंदीही तशाच लोकांच्या होत्या. अकरावी नोंद मात्र एका शिकलेल्या, नावाजलेल्या घराण्यातील गृहस्थांची होती.

समितीत विचार झाला. एकजण म्हणाले, “पहिल्या पानावर दुष्काळातली पोर आली, तर बाहेरचे लोक काय म्हणतील? पोटासाठी ख्रिस्ती झाले, हेच ना? तेच ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. आता आपणच छापून द्यायचे?” या बोलण्यात लबाडी नव्हती. त्यामागे फार जुने दुखणे होते, आणि ते माझेही होते. म्हणून मी विरोध केला नाही. ‘आमच्या मंडळीचा पाया अमुक घराण्याने घातला’ असे वाक्य मी माझ्या हाताने लिहिले. त्यात खोटे काय? ते गृहस्थ खरोखर पुढारी होते. नुसती दहा नावे गळली, एवढेच.

महोत्सवाच्या दिवशी जेवणे चालली असता मंडळीतील एक वृद्ध बाई स्मरणिका हातात घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “दादा, माझ्या आजीचं नाव वहीत सगळ्यांत आधी आहे असं आई सांगायची. नातवाला या पुस्तकात शोधायला लावलं. नाही सापडलं. आईच चुकली असेल.”

मी “बघतो” एवढेच म्हणालो.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी एका मेलेल्या बाईचे नाव गाळले, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी एका जिवंत लेकीला तिच्या आईच्या शब्दाविषयी संशयात टाकले होते. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना सर्व सांगितले, नोंदवही मागून घेतली आणि त्या बाईंच्या घरी गेलो. त्यांना वाचता थोडेच येत होते. मी दाखविलेल्या जागी बोट ठेवून त्यांनी ती तीन अक्षरे लावली. मग म्हणाल्या, “म्हणजे आई खरंच सांगत होती.” त्या मला रागे भरल्या नाहीत. चहा दिला. पण स्मरणिकेच्या प्रती घरोघर गेल्या होत्या, त्या परत घेता आल्या नाहीत. आजही कोणाच्या तरी कपाटात माझे ते वाक्य खरे म्हणून उभे आहे.

पोटासाठी ख्रिस्ती झाले, हा टोमणा आपण इतका मनाला लावून घेतला की, त्यात लाज कोणाला वाटावयास हवी, हेच विसरलो. उपाशी मुलीने भाकरी घेतली यात तिला लाज कसली? तिला भाकरी देणारे हात प्रभूच्या नावाने पुढे आले, हा तर साक्षीचा विषय आहे. इस्राएल लोकांना प्रथमफळांची टोपली घेऊन देवापुढे येताना काय म्हणावयास सांगितले होते, ते अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात पाहा. आपला पूर्वज भटका होता, मरणाच्या पंथाला लागलेला होता, आपण मिसरात गुलाम होतो, हे त्यांना दरवर्षी मोठ्याने कबूल करावयाचे होते. मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब आणि रूथ यांची नावे गाळली नाहीत. त्याच्याही भोवती ‘लोक काय म्हणतील’ असे विचारणारे असतीलच. आणि यशयाच्या एकावन्नाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना सांगतो की, ज्या खडकातून तुम्हांला खोदून काढले तिकडे पाहा. तो राजवाड्याकडे बोट दाखवीत नाही, खाणीकडे दाखवितो.

कोणी म्हणेल, मग जुनेपणाला काहीच मान नाही काय? मान आहे, पण तो आपण कमावलेला नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात पहाटे आलेल्या मजुरांना राग आला तो मजुरी कमी मिळाली म्हणून नव्हे, उशिरा आलेल्यांना तेवढीच मिळाली म्हणून. ‘आमचे कुटुंब चार पिढ्यांचे, ते कालचे’ असे ज्या बाकावर बसून आपण म्हणतो, त्या बाकावर बसण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? पहाटे हाक मारली ती धन्याने. संध्याकाळी हाक मारली तीही त्यानेच.

किल्विनिंगच्या नावापुढील तो ० माझ्या मनातून जात नाही. १ च्याही आधी जाण्याची त्यांची धडपड होती, आणि १ च्या आधी शून्यच असते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की, ज्याला सर्वांत वरचा मान होता, त्याने तो घट्ट धरून ठेवला नाही. त्याने स्वतःला रिकामे केले व दासाचे रूप घेतले. किल्विनिंगकरांनी भांडून जे मिळविले, ते आपल्या प्रभूने आपण होऊन पत्करले. त्याच्या मंडळीत मोठेपणाची दुसरी वाट नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. यंदा मंडळीच्या वर्धापनदिनी पाळकांची परवानगी घेऊन बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीचे पहिले पान मुलांना दाखवा. तेथील नावे जशी आहेत तशी, आडनाव नसेल तर आडनावाशिवाय, मोठ्याने वाचू द्या. वर्गातले एखादे मूल ते नाव आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेले असेल. ते घरी जाऊन सांगेल.

आणि ज्यांच्या हाती इतिहास लिहिण्याचे काम येईल, त्यांनी पहिली नोंद पहिलीच राहू द्यावी. ती नऊ वर्षांची मुलगी कोणाच्या आधी जावे म्हणून आली नव्हती. तिला भूक लागली होती, आणि दार उघडे होते.