स्वप्न कोणाला म्हणावे?

भाविक वाचकहो, जग खरोखर बाहेर आहे, की नुसते मनातच उमटते, ही शंका म्हणजे पंडितांची करमणूक, असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. ती नीट न सोडविता तोंडी घेतली तर केवढा अपराध घडतो, हे एका आषाढीत कळले.

वाखरीच्या तळावर आमचे कीर्तन होते. जग स्वप्नवत् आहे, असे आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले. आरती झाल्यावर एक माउली पुढे आली. चार महिन्यांपूर्वी तिचा लेक गेला होता. आम्ही तिलाही तेच म्हणालो, "बाई, सगळं स्वप्न आहे, रडू नका." ती म्हणाली, "महाराज, स्वप्नात गेलेलं लेकरू जाग आल्यावर कुशीत सापडतं. मला तर रोज जाग येते, अन् अंथरूण रिकामंच असतं."

आम्ही निरुत्तर झालो. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादाचे २९ वे सूत्र हेच सांगते, आणि ते आम्ही लहानपणी घोकले होते!

तेथे पूर्वपक्ष विज्ञानवादी बौद्धांचा. वसुबंधूंनी तो 'विंशतिके'त मांडला. स्वप्नात बाग दिसते, माणसे दिसतात, पण बाहेर काही नसते. जागेपणीही ज्ञानच तेवढे आहे, पदार्थ नाही. शंकराचार्य उत्तर देतात : खांब पाहणारा खांबालाच पाहतो, आपल्या ज्ञानाला कोणी खांब म्हणत नाही. पोटभर जेवून तृप्त झालेल्याने 'मी जेवलोच नाही' म्हणावे, तसे हे बोलणे. बरे, 'बाहेर असल्यासारखे भासते' असे म्हणणाऱ्याला 'बाहेर' ठाऊक असलेच पाहिजे. अमका वांझेच्या पोरासारखा दिसतो, असे कोणी म्हणते काय? शिवाय स्वप्न जाग येताच खोटे ठरते. जागेपणीचा खांब तसा खोटा ठरत नाही.

कोणी विचारील, मग गौडपादाचार्यांनी जागृतीला स्वप्नाच्या पंक्तीला का बसविले? तर ते परमार्थदृष्टीने. दोरीवरचा साप प्रातिभासिक, दोरी व्यावहारिक, ब्रह्म पारमार्थिक. ब्रह्मज्ञान होईतो दोरी ती दोरीच आणि भूक ती भूकच. मिथ्या म्हणजे मुळीच नाही असे नव्हे; स्वतःच्या पायावर उभे नाही, ब्रह्माच्या आधाराने उभे आहे, एवढाच अर्थ. ज्ञानोबारायांनी तर अमृतानुभवात अज्ञानाचेच खंडन करून विश्व हा चैतन्याचा विलास ठरविला. जो त्याचा विलास, त्याच्याकडे आम्ही पाठ कशी फिरवावी?

आपले येणे वसूल करताना जग खरे आणि दुसऱ्याचे देणे फेडताना मिथ्या, हा वेदांत नव्हे, हिशेबातली लबाडी आहे. आम्ही त्या दिवशी तीच केली. आमच्या बिदागीची नाणी आम्हांला स्वप्नातली वाटत नव्हती. त्या माउलीचे दुःख मात्र वाटले!

मग आम्ही तिच्यापाशी खाली बसलो. तिने लेकाचे नाव सांगितले, त्याच्या खोड्या सांगितल्या. आम्ही ऐकत राहिलो. टाळ मुका होता, पण कीर्तन तेव्हा खरे झाले.

म्हणून सांगणे एवढेच : आपला अभिमान आवरताना जग खुशाल स्वप्न म्हणावे, दुसऱ्याचे डोळे पुसताना कधी म्हणू नये.

राम कृष्ण हरि!