वाऱ्याविरुद्ध जाणारा सुगंध





या महिन्याच्या धम्मचिंतनासाठी मी एक साधा विषय घेतला आहे. तो तुमच्या-माझ्या घरात, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर रोज असतो. तो विषय म्हणजे सुगंध. अगरबत्ती, लोबान, ऊद, चंदन आणि हल्ली घरोघरी आलेल्या सुगंधी तेलांच्या छोट्या बाटल्या.

अंगुत्तर निकायात गंधसुत्त आहे. त्यात आनंद तथागतांना एक प्रश्न विचारतात. मुळाचा, गाभ्याचा आणि फुलाचा असे तीन सुगंध आहेत. हे तिन्ही वाऱ्याबरोबर जातात, वाऱ्याविरुद्ध जात नाहीत. मग दोन्ही दिशांना जाणारा सुगंध आहे का? तथागत सांगतात, आहे. जो स्त्री किंवा पुरुष त्रिशरण घेतो, पंचशील पाळतो आणि मोकळ्या हाताने दान करतो, त्याचे नाव सर्व दिशांना जाते. धम्मपदाच्या पुप्फवग्गातही हाच विचार आहे.

मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला आणि शिक्षणाने अभियंता. हे सुत्त अनेकदा ऐकले होते, पण 'छान उपमा आहे' एवढेच म्हणून पुढे गेलो होतो. ते खरे समजले ते गेल्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेला, आणि तेही माझ्या चुकीमुळे.

कार्यक्रम आमच्या मस्कतच्या फ्लॅटवर होता. मे महिना, बाहेर चाळीसच्या वर तापमान. खिडक्या बंद, एसी चालू, हॉलमध्ये पंचवीसेक माणसे. मी हौसेने मत्राहच्या बाजारातून उत्तम हौजरी लोबान आणला होता. विजेच्या धुपाटण्यावर तो ठेवला. शिवाय येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपली अगरबत्ती लावली. वंदना सुरू झाली आणि माझी सात वर्षांची मुलगी खोकू लागली. तिने माझा शर्ट ओढला. मी हळू आवाजात म्हणालो, "थांब बाळा, वंदना संपू दे." ती थांबली. वंदना संपली तेव्हा तिच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता आणि ओठांचा रंग बदलला होता.

रात्री दवाखान्यात डॉक्टरांनी आधी नेब्युलायझर लावला आणि मग एकच प्रश्न विचारला, "घरात काय जळत होते?" मुलगी दोन दिवसांत बरी झाली. पण गावी आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "पोरीचा जीव घुसमटत होता अन् तू वंदना पुरी करत बसला? मग ती कोणाची वंदना झाली रे?"

मला उत्तर देता आले नाही. म्हणून मी आपल्या शिक्षणाप्रमाणे अभ्यासाला लागलो. त्यातून जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, सुगंध म्हणजे काय? वनस्पती हे पदार्थ आपल्यासाठी बनवत नाही, देवासाठी तर नाहीच. कीड आणि बुरशी दूर ठेवण्यासाठी, जखम भरण्यासाठी, परागीभवन करणाऱ्या किड्यांना बोलावण्यासाठी ती ते तयार करते. यातले बहुतेक पदार्थ पाच कार्बनच्या एका छोट्या विटेपासून रचलेले असतात. दोन विटा जोडल्या की दहा कार्बनचे हलके रेणू होतात, जसे लोबानातले पायनिन किंवा संत्र्याच्या सालीतले लिमोनिन. ते पटकन उडतात. तीन विटांचे पंधरा कार्बनचे रेणू जड असतात आणि सावकाश उडतात. चंदनाच्या गाभ्यातले सँटालॉल हे त्यातले. म्हणून चंदनाचा वास उशिरा जातो. सहा विटांचे तीस कार्बनचे रेणू मात्र जवळजवळ उडतच नाहीत. ते राळेत बसून राहतात.

लोबान ज्या झाडापासून मिळतो ते ओमानच्या धोफार भागात वाढते. आपल्या विदर्भाच्या जंगलातली साळई ही त्याचीच जातभगिनी. खोडाची साल थोडी खरवडली की पांढरा चीक येतो, काही दिवसांत तो सुकतो, मग खडे काढून घेतात. झाडाच्या दृष्टीने हा चीक म्हणजे जखमेवरची खपली. सलग वर्षे फार घाव घातले तर झाडाला चांगले बी धरत नाही. म्हणून जाणते लोक झाडाला विश्रांती देतात. धोफारची ही लोबानभूमी 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

दुसरी गोष्ट, वास वाऱ्याविरुद्ध का जात नाही? हवा अगदी स्थिर असेल तर सुगंधाचे रेणू इकडेतिकडे आदळत, भरकटत पसरतात. त्याला विसरण म्हणतात. केवळ विसरणाने अशा रेणूला एक मीटर अंतर जायला साधारण एक दिवस लागतो, असे गणित येते. खोलीत वास क्षणात पसरतो तो हवेच्या झुळुकीमुळे. मंद वारासुद्धा सेकंदाला एक मीटर जातो. म्हणजे बिचाऱ्या रेणूचे वाऱ्यापुढे काहीच चालत नाही. वारा नेईल तिकडे तो जाणार. आनंदांनी जे निरीक्षण केले ते शब्दशः खरे आहे. माझ्या हॉलमध्येही तेच झाले. एसीचा झोत जिकडे होता तिकडे धूर गेला, आणि तिकडे माझी मुलगी बसली होती.

तिसरी गोष्ट, सुगंध आणि धूर एक नव्हेत. अगरबत्तीत बांबूची काडी असते. तिच्यावर कोळशाची पूड, चिकटपणासाठी जिगट आणि वरून अत्तर असते. हे अत्तर पातळ करायला बहुधा रासायनिक द्रावक वापरतात. नावात 'अगर' असला तरी खरे अगरूचे लाकूड त्यात क्वचितच असते. हे सगळे अर्धवट जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड, बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्यात म्हटले आहे की, एक ग्रॅम धूपकाडी जळाली की पंचेचाळीस मिलिग्रॅमहून अधिक कण निघतात. एक ग्रॅम सिगारेटमधून निघतात सुमारे दहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा एका घनमीटर हवेत पंधरा मायक्रोग्रॅम ठेवली आहे. पंधरा मायक्रोग्रॅम! आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. बंद खोलीत दहा-बारा काड्या लावल्यावर काय होत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

आपण गावी होतो तेव्हा घराला फटी होत्या, दार उघडे होते, ओसरी होती. एक काडी लावली तरी धूर निघून जायचा. इथे आपण काचेच्या बंद डब्यात राहतो. सवय तीच राहिली, घर बदलले.

बंधू-भगिनींनो, आता धम्माच्या कसोटीवर हे तपासू. पंचशीलातले पहिले शील आपण सगळे पाठ म्हणतो. त्यातल्या 'पाण' या पाली शब्दाचा अर्थ प्राणी, आणि मुळात श्वास. ज्याचा श्वास चालतो तो 'पाण'. मी त्या दिवशी हे शील तोंडाने म्हणत होतो आणि माझ्यासमोर एका लेकराचा श्वास अडत होता. हेतू वाईट नव्हता, हे मी स्वतःला अनेकदा सांगितले. पण मुलीने शर्ट ओढल्यावरही मी थांबलो नाही. त्या क्षणी मला कर्म महत्त्वाचे वाटले नाही, कर्मकांड महत्त्वाचे वाटले. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आपल्याला ज्यातून बाहेर काढले, तेच मी नव्या नावाने घरात आणले होते.

मग पूजेत सुगंध नकोच का? तसे मी म्हणत नाही. महापरिनिब्बान सुत्तातला प्रसंग आठवा. कुसिनारेला तथागत शेवटच्या शय्येवर आहेत. आकाशातून फुले आणि चंदनाचे चूर्ण त्यांच्यावर पडत असल्याचे वर्णन येते. तेव्हा तथागत आनंदांना सांगतात की, तथागतांचा खरा सन्मान याने होत नाही. जो भिक्खू, भिक्खुणी, उपासक किंवा उपासिका धम्माप्रमाणे वागते, तीच खरी पूजा करते. चंदनाची निंदा त्यांनी केली नाही. फक्त त्याची जागा दाखवून दिली. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारे आपण फुलमाळा आणि सुगंधांपासून दूर राहतो, तेही याच कारणाने.

आणि जिथे उपयोग आहे तिथे तथागतांनी अडवलेही नाही. विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्खूंसाठी मुळे, पाने, फळे यांच्याबरोबर हिंगासारख्या राळा औषध म्हणून वापरायची परवानगी आहे. अट एकच, कारण हवे. जीवकाची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. औषध नसलेली वनस्पती शोधून आण, असे गुरूने तक्षशिलेत सांगितले आणि त्याला एकही सापडली नाही. आजही लवंगेच्या तेलातले युजेनॉल दंतवैद्य वापरतात. म्हणजे वनस्पतीत गुण आहेत. पण कोणता गुण, कशात आणि किती, हे तपासावे लागते.

याचे एक उदाहरण. मध्यंतरी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश फिरला. लोबानाच्या तेलात बॉस्वेलिक आम्ल असते, त्याने सांधेदुखी मुळापासून जाते, गोळ्या बंद करा. एका ज्येष्ठ उपासकांनी खरेच गोळ्या बंद केल्या आणि महिनाभर त्रास काढला. आता वरच्या विटा आठवा. बॉस्वेलिक आम्ल हा तीस कार्बनचा जड रेणू. लोबानाचे तेल वाफेने काढतात. वाफेबरोबर हलके रेणू वर येतात, जड रेणू भांड्यातल्या राळेतच राहतात. म्हणजे ज्या पदार्थाच्या नावावर ती बाटली खपवली जाते, तो त्या बाटलीत जवळजवळ नसतोच! कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. त्या यादीत 'फॉरवर्ड आला आहे' हे आपण आपले जोडून घ्यावे.

तेव्हा आपल्या मंडळापुढे काही गोष्टी नम्रपणे ठेवतो.

एक, बंद खोलीतल्या सामूहिक वंदनेत धूर नको. फुले आणि एक दिवा पुरेसा आहे. अगरबत्ती लावायचीच असेल तर सर्वांच्या वतीने एकच, बाल्कनीत, मुले, गरोदर भगिनी आणि वृद्ध दूर असताना.

दोन, विजेच्या डिफ्यूझरमधून धूर येत नाही, पण दम्याच्या माणसाला त्या वासानेही त्रास होऊ शकतो. आधी विचारा, मग लावा.

तीन, निलगिरीचे तेल आणि कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. ते पोटात गेले तर झटके येण्याइतका धोका असतो. डॉक्टरांची गोळी तेलाच्या भरवशावर बंद करू नका.

चार, वंदनेच्या वेळी कोणी मूल खोकले, कोणाला गुदमरले, तर वंदना थांबवा. दार उघडा. त्याला पाणी द्या. मग पुढे चला. त्याने वंदना मोडत नाही.

शेवटी एक आठवण सांगतो. लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यांत तुम्ही गेला असाल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या चैत्यगृहावर दानकर्त्यांचे लेख आहेत. त्यातला एक लेख धेनुकाकटाच्या सिंहदत्ताचा. तो 'गंधिक' होता, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आपल्याकडचा सर्वात भारी चंदन तो धूप म्हणून जाळू शकला असता. त्याने तसे केले असेलही, पण तो वास त्याच दिवशी वाऱ्यावर गेला. लेखात नोंद आहे ती त्याने दिलेल्या दाराची. लोकांना आत यायला आणि हवा-उजेड आत यायला त्याने दार दिले. आज आपण त्याच्यापासून शेकडो मैल दूर, आखाताच्या किनाऱ्यावर बसून त्याचे नाव घेतो आहोत. वाऱ्याविरुद्ध जाणारा सुगंध तो हाच.

आमच्या घरी आता वंदनेआधी मुलगी खिडकी उघडते. ते काम तिने स्वतःकडे घेतले आहे. उन्हाळ्यात दोन मिनिटे गरम हवा आत येते, आम्हाला घाम फुटतो. मग ती खिडकी लावते, माझ्याशेजारी बसते आणि मोठ्या आवाजात पहिले शील म्हणते. तिचा श्वास मोकळा असतो. तुम्हीही येत्या पौर्णिमेला वंदनेआधी घरातली एक खिडकी उघडा, एवढीच विनंती.

भवतु सब्ब मंगलं.

जय भीम! नमो बुद्धाय!