उंबरठ्यावरची बंदूक

‘स्वसंरक्षण’ हा शब्द महाराष्ट्रात फार स्वस्त झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरात एका तत्कालीन आमदाराने चक्क पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये गोळ्या झाडल्या आणि वृत्तवाहिनीला फोनवरून कारण सांगितलं, स्वसंरक्षण. खरंखोटं न्यायालय ठरवेल. त्याच वर्षाअखेरीस बीड जिल्ह्यातल्या परवान्यांची मोजदाद चव्हाट्यावर आली. परवाने हजाराच्या वर होते. हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ घरोघरी पाहिले गेले, मग पडताळणी झाली आणि कित्येक परवाने रद्द झाले. त्यातल्या किती अर्जांवर ‘जीविताला धोका’ असं लिहिलेलं असेल, हे सांगायला नको.

पण मला लिहायला बसवलं ते एका नातेवाइकाने पाठवलेल्या संदेशाने. इंग्रजांनी आपल्याला नि:शस्त्र केलं, गांधीजींनीही शस्त्रबंदीच्या त्या कायद्याला सर्वांत काळा म्हटलं, मग स्वतंत्र भारतात घरोघरी पिस्तूल का नको, असा त्याचा सूर. हा युक्तिवाद मला घातक वाटतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली आहे. स्वतःला वाचवण्याचा हक्क वेगळा आणि बंदूक बाळगण्याचा हक्क वेगळा. आपल्याकडे त्यांचं गोत्र कधीच एक नव्हतं.

‘माझं घर हा माझा किल्ला’ हे १६०४ च्या सेमेन खटल्यातलं इंग्रजी सूत्र आणि त्याची अमेरिकेतली वाटचाल वाचकांना माहीत आहे. तिथेही घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने नि:संदिग्धपणे सांगितलं ते २००८ मध्ये, हेलर खटल्यात. तो त्यांचा इतिहास आहे. आपला रस्ता निघतो मेकॉलेपासून. दंड संहितेच्या १८३७ च्या मसुद्यात त्याने स्वसंरक्षणाची तरतूद मुद्दाम ऐसपैस ठेवली. इथली माणसं अन्याय मुकाट सोसतात, त्यांच्यावर बंधनं वाढवण्यापेक्षा त्यांच्यात प्रतिकाराची हिंमत यावी, असं त्याचं म्हणणं. भाषा राज्यकर्त्याच्या तोऱ्याची आहे, पण तरतूद उदार आहे. ती १८६० च्या दंड संहितेत आली. आणि त्याच १८६० साली एकतिसावा कायदा झाला, हत्यारं बनवण्यावर, विकण्यावर, बाळगण्यावर नियंत्रण ठेवणारा आणि गरज पडेल तिथे ती काढून घेण्याची मुभा सरकारला देणारा. एकाच सरकारने एकाच वर्षी प्रतिकाराचा हक्क दिला आणि बंदुकीवर लगामही घातला. सरकारला यात विसंगती दिसली नाही, कारण दंड संहितेतला माणूस काठी, पहार, कोयता, हाताला लागेल ते घेऊन उभा राहणारा होता.

यानंतरचं वळण सगळे चुकीचं वाचतात, असं मला वाटतं.

व्हाइसरॉय लिटनचा १८७८ चा शस्त्र कायदा अपमानकारक होता, याबद्दल वाद नाही. गोऱ्याला परवान्यातून सूट आणि हिंदी माणसाला अर्ज. पण त्याविरुद्ध आपले पूर्वज काय मागत होते? १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ठराव पाहा. शस्त्र कायद्याबद्दलच्या तक्रारीच्या शेजारीच सैन्यातल्या वरच्या जागा हिंदी लोकांना खुल्या करा आणि आम्हाला स्वयंसेवक पलटणीत घ्या, या मागण्या आहेत. तिन्ही एका दमात वाचल्या की दुखणं कळतं. चोर घरात शिरला तर काय, याची चिंता तिथे नाही. आमच्यावर विश्वास नाही, आमचा देश राखायलाही आम्ही लायक नाही, ही सल आहे. शस्त्र म्हणजे त्यांच्या लेखी नागरिकत्वाची खूण होती.

गांधीजींचं ते प्रसिद्ध वाक्य याच वळणावरचं आहे. ते आलं १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात काढलेल्या पत्रकात, आणि ते पत्रक सैन्यभरतीचं होतं! शस्त्रबंदी उठावी असं वाटत असेल, हत्यार चालवायला शिकायचं असेल, तर ही संधी आहे, पलटणीत या, असं ते सांगत होते. काही महिन्यांपूर्वी सत्याग्रहात साथ देणाऱ्या त्याच गावांनी तेव्हा त्यांना बैलगाडीसुद्धा द्यायला टाळाटाळ केली. या पत्रकातलं एकच वाक्य कापून ते बेडरूमच्या कपाटातल्या रिव्हॉल्व्हरला चिकटवणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

काँग्रेसचा १९३१ चा कराचीचा ठराव मात्र माझ्या बाजूने सरळ उभा राहत नाही, हे मान्य करायला हवं. नियमांच्या आणि अपवादांच्या अधीन राहून प्रत्येक नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क, असं त्यात स्पष्ट आहे. त्याच आधारावर डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामतांनी घटना समितीत दुरुस्ती मांडली. त्यांचा हेतू स्वच्छ होता, गुलामीचा डाग पुसावा एवढाच. आंबेडकरांचं उत्तर लोक ‘नकार’ म्हणून सांगतात आणि पुढे जातात. वास्तविक ते त्याहून खोल आहे. हा मूलभूत हक्क केला तर ज्यांच्या हाती हत्यार पडूच नये, तेही तो मागायला येतील, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा असा की हक्काऐवजी कर्तव्याचा आग्रह धरा, देशावर संकट आलं तर शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा. मद्रासच्या ठरावांतली आणि खेडा जिल्ह्यातल्या पत्रकातली मागणी इथे पूर्ण झाली. शस्त्र देशाचं ठरलं, घरासाठी परवाना उरला. हुकलेली संधी म्हणून हा प्रसंग सांगतात त्यांनी ती मागणी नीट ऐकलेलीच नाही.

आणि यात घरमालकाचं नुकसान काय झालं? काहीच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ३४ ते ४४ मध्ये, मेकॉलेचा हक्क जवळपास जसाच्या तसा आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणी घर फोडून शिरला, तर कलम ४१ प्रमाणे त्याचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करता येतो. मात्र कलम ३७ ची वेसण आहे. गरजेपुरतीच इजा, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. घरफोडा घरात आहे तोवर हक्क आहे, तो खिडकीतून उडी मारून पळाला की संपला. १९६२ च्या जय देव निकालात पळणाऱ्यांवर गोळ्या चालवणाऱ्यांना न्यायालयाने हेच ऐकवलं. उलट २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात, वडिलांवर हल्ला होत असताना बंदुकीतून गोळी झाडणारा निर्दोष सुटला. भेकडासारखं पळून जा असं कायदा सांगत नाही, हेही न्यायालयाने बजावलं. या दोन निकालांतलं अंतर काही क्षणांचं असतं, आणि ते क्षण ओळखायची अक्कल परवान्यासोबत मिळत नाही.

आमच्या आबांकडे, कोकणातल्या घरी, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. मी नववीत असताना एका पावसाळी रात्री मागच्या पडवीचं दार कुणीतरी पहारीने उचकटत होतं. आबांनी खुंटीवरची बंदूक काढली. नळीत दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, सळईने ठासायचं आणि शेवटी केप बसवायची. कंदिलाच्या उजेडात त्यांचे हात थरथरत होते, दारू जमिनीवर सांडत होती. आजीने तेवढ्यात पितळी घंगाळावर वरवंटा आपटायला सुरुवात केली. शेजारचे धावले, पडवीतला माणूस पळाला. आबा दारापाशी पोचले तेव्हा त्यांना चिखलातून धावणारी पाठ दिसली. बंदूक आता भरलेली होती. त्यांनी ती खाली केली. दुसऱ्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले, “पोरगं होतं रे, तुझ्याएवढं.”

निवडणूक लागली की ते ती बंदूक गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने तालुक्याच्या ठाण्यात जमा करायचे आणि पावती पंचांगात ठेवायचे. बंदुकीविना गेलेल्या त्या दिवसांत घर असुरक्षित झाल्याचं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

आबा गेल्यावर परवान्याचा प्रश्न आला. चुलतभावाने अर्ज आणला होता. हेतूच्या रकान्याशी तो थांबला. “दादा, आत्मसंरक्षण लिहू का? वजन पडेल.” मी म्हटलं, “तुला खरं कशाला हवी?” बाहेर आगरात वानरांनी नारळ पाडायला सुरुवात केली होती, त्याची मुलगी डबा वाजवत धावली. त्याने एकदा तिकडे पाहिलं आणि रकान्यात लिहिलं, शेतीसंरक्षण.