निष्णाताची उमेदवारी

एखाद्या विद्येंत किंवा कलेंत मनुष्य निष्णात झाला म्हणजे ती विद्या त्याच्या मालकीची झाली, असें आपण समजतों. परंतु थोडा विचार केला असतां या मालकीविषयीं शंका उत्पन्न होते. ख्यालांत नांव मिळविलेल्या गवयाला उद्यां लावणीच्या फडांत उभें केलें, किंवा नाडीपरीक्षेंत प्रसिद्ध असलेल्या वैद्याच्या हातीं शस्त्र दिलें, तर त्याच्या निपुणतेपैकीं किती भाग त्याच्याबरोबर जाईल आणि किती मागें राहील? जो मागें राहील तो त्याचा कधीं होताच काय, कीं तो त्या क्षेत्राचा असून याला केवळ वापरावयास मिळाला होता? या शंकेच्या पाठोपाठ नीतीचा एक प्रश्न येतो. ज्याला एका क्षेत्रांत मान मिळाला आहे, त्यानें तें सोडून दुसऱ्या क्षेत्रांत उमेदवार म्हणून शिरावें काय?

आपल्याकडे या प्रश्नाचें उत्तर पूर्वींच ठरून गेल्यासारखें आहे. स्वधर्म व परधर्म यांविषयींचें गीतेंतील वचन लहानथोरांच्या जिभेवर असतें. आणि त्याचा मूळ संदर्भ कांहींही असो, व्यवहारांत 'आपलें सोडूं नये, दुसऱ्याच्यांत पडूं नये' एवढाच त्याचा अर्थ केला जातो. या उपदेशांत शहाणपण आहे यांत संशय नाहीं. पण त्यांत शहाणपण किती आणि भीति किती, हें एखाद्या उदाहरणाच्या कसोटीला लावून पाहिलें पाहिजे.

उदाहरण मी मुद्दाम मोटारींच्या शर्यतींचें घेतों. आमच्या विद्वानांच्या जगांत एखाद्या पंडितानें विषय बदलला, तर जुन्या कीर्तीच्या आडोशाला तो दहा वर्षें सुखानें बसूं शकतो. शर्यतीच्या मैदानावर ही सोय नाहीं. तेथें रविवारीं संध्याकाळीं निकाल लागतो, आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेला असतो.

या शर्यतींच्या मोटारींत दोन ठळक जाती आहेत. पहिलींत चाकें अंगाबाहेर उघडीं असतात आणि मोटार एकच मनुष्य बसेल एवढी निमुळती असते. फॉर्म्युला वनच्या आणि अमेरिकेंत इंडियानापोलिसला धांवणाऱ्या मोटारी या जातीच्या. त्या इतक्या हलक्या, कीं २००६ सालीं फॉर्म्युला वनच्या मोटारीचें किमान वजन चालक धरून ६०५ किलो होतें. वाऱ्याचा दाब त्यांना जमिनीशीं चिकटवून ठेवतो, म्हणून त्या वळणावरही विलक्षण वेगानें जातात. दुसरी जात 'स्टॉक कार'ची. दुकानांत विक्रीसाठीं ठेवलेल्या मालांतली मोटार, असा त्या नांवाचा मूळ अर्थ. आज ती केवळ शर्यतीसाठींच बांधतात. तरी दिसावयास ती रस्त्यावरच्या मोटारीसारखी, वजनानें दीड टनाच्या घरांत आणि वळणावर घसरूं पाहणारी असते. तिच्या शर्यती भरविणारी नास्कार ही संस्था १९४८ सालीं फ्लोरिडांतील डेटोना बीच येथें बिल फ्रान्स याच्या पुढाकारानें निघाली. तिच्या मुख्य मालिकेंत वर्षाला ३६ शर्यती होतात, आणि त्यांतल्या बहुतेक लंबगोल रिंगणांत, सतत डावीकडे वळत धांवावयाच्या असतात.

दोहोंचे शिष्टाचारही निराळे आहेत. उघडें चाक उघड्या चाकाला लागलें तर मोटार हवेंत उडण्याचें भय असतें. म्हणून तेथें अंतर राखणें हा पहिला धडा. स्टॉक कार एकमेकींना घासतात, मागून ढकलतात, आणि तें खेळाचेंच अंग समजलें जातें. फॉर्म्युला वनमध्यें मोटारीच्या प्रत्येक अवयवाची खबर यंत्रेंच धांवत्या मोटारींतून तंत्रज्ञांना पोंचवितात. स्टॉक कारचा चालक शेपटी सैल आहे कीं पुढचा भाग वळावयास नाकारतो आहे हें तोंडानें सांगतो, आणि त्याच्या शब्दांवर विसंबून मिस्त्री ती दुरुस्त करतात. म्हणजे नव्या चालकाला हातापायांच्या संवयींबरोबर एक भाषाही नव्यानें शिकावी लागते.

एका जातींतून दुसरींत जाऊन यश मिळालें नाहीं असें मुळींच नाहीं. मारिओ आंद्रेत्ति यानें १९६७ सालीं डेटोनाची, १९६९ सालीं इंडियानापोलिसची अशा दोन्ही पांचशें मैलांच्या शर्यती जिंकल्या आणि १९७८ सालीं तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. इंडियानापोलिस चार वेळां जिंकणाऱ्या ए. जे. फॉइट यानें १९७२ सालीं डेटोनाही जिंकली. टोनी स्टुअर्ट हा उघड्या चाकांच्या मालिकेचा १९९७ चा विजेता. त्यानें पुढें २००२, २००५ आणि २०११ अशीं तीन वर्षें नास्कारचें अजिंक्यपद मिळविलें. आपल्या देशाचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन यांनींही २०१० सालीं नास्कारच्या ट्रक-मालिकेंत नशीब अजमावून पाहिलें. परंतु आपल्या प्रश्नावर खरा प्रकाश पाडणारीं उदाहरणें तीन आहेत. तिन्ही चालक चिप गनासी या एकाच मालकाच्या संघांत होते. हा गनासी स्वतः पूर्वीं उघड्या चाकांच्या मोटारी चालवीत असे.

पहिला हुआन पाब्लो मोंतोया, कोलंबियांतील बोगोता शहरचा. त्यानें २००० सालीं इंडियानापोलिसची शर्यत पहिल्याच प्रयत्नांत जिंकली होती आणि फॉर्म्युला वनमध्यें सात विजय मिळविले होते. त्यांत २००३ सालची मोनाकोची शर्यतही होती. तीं वैभवें सोडून २००६ च्या मध्यावर तो नास्कारकडे वळला. तेथें नवशिक्याच्या मोटारीच्या मागच्या बंपरवर पिवळा पट्टा रंगविण्याची चाल आहे, म्हणजे मागून येणारे जपून वागतात. २००७ पासून सात वर्षांत तो सुमारें अडीचशें शर्यती धांवला आणि त्यांतल्या दोन जिंकला : एक २००७ सालीं कॅलिफोर्नियांतील सोनोमाची, दुसरी २०१० सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील वॉटकिन्स ग्लेनची. या दोन्ही जागीं मार्ग लंबगोल नसून डावींउजवीं वळणें घेत जातो, म्हणजे त्याच्या जुन्या विद्येच्या जवळचा आहे. लंबगोल रिंगणांत त्याला एकही विजय मिळाला नाहीं.

यावरून कोणी म्हणेल, पाहा, जुनें तेंच कामास आलें, नवें कांहीं साधलें नाहीं. पण नुसते विजय मोजणाऱ्याला २००९ सालची इंडियानापोलिसची शर्यत दिसत नाहीं. नऊ वर्षांपूर्वीं जेथें तो हलक्या मोटारींतून जिंकला होता, त्याच रिंगणांत त्या दिवशीं जड मोटारींतून १६० पैकीं ११६ फेऱ्या तो सर्वांच्या पुढें होता. पुढें दुरुस्तीच्या गल्लींत त्यानें वेगमर्यादा ओलांडली असा निर्णय झाला, त्याला शिक्षा झाली आणि तो अकरावा आला. तो निर्णय त्याला मुळींच पटला नाहीं. फॉर्म्युला वनच्या मोटारींत अशा वेळीं एक कळ दाबली कीं यंत्रच वेग आवरतें. स्टॉक कारला वेग दाखविणारा कांटाच नसतो. इंजिनाच्या फेऱ्यांवरून चालकानें अंदाज ठेवावयाचा. चुकी कोणाची हा वाद आपण बाजूस ठेवूं. परक्या विद्येंत मनुष्य विजयाच्या दारापर्यंत पोंचला होता, एवढें त्या दिवसानें सिद्ध केलें. आणि पोंचण्याची नोंद विजेत्यांच्या यादींत होत नसते.

दुसरा स्कॉटलंडचा डारिओ फ्रँकिटी. २००७ सालीं इंडियानापोलिसची शर्यत आणि त्या मालिकेचें अजिंक्यपद दोन्ही जिंकून २००८ सालीं तो स्टॉक कारकडे आला. टॅलाडेगा येथें अपघातांत त्याचा घोटा मोडला. आणि वर्ष निम्में सरतें न सरतें तोंच पैशाचा आश्रय न मिळाल्यामुळें मालकानें त्याची मोटार बंद केली. तो परत गेला, आणि २००९, २०१० व २०११ अशीं लागोपाठ तीन वर्षें त्यानें आपल्या जुन्या मालिकेचें अजिंक्यपद मिळविलें. मोंतोयाही २०१४ सालीं परतला आणि २०१५ सालीं इंडियानापोलिसला पुन्हां जिंकला. परक्षेत्रांतल्या अनुभवामुळेंच हे विजय मिळाले असें म्हणणें धाडसाचें होईल. मात्र परक्या क्षेत्रांत गेल्यानें आपली विद्या नासते, ही जी आपली भीति आहे तिला या दोघांच्या चरित्रांत आधार सांपडत नाहीं.

आतां या धाडसावरील आक्षेपांचा विचार करूं. द्रव्यलोभाचा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाहीं. लोभी मनुष्य पुष्कळदां जेथल्या तेथेंच राहतो. अवज्ञेचा आक्षेप अधिक खरा आहे. 'नुसतें डावीकडे तर वळावयाचें', असें स्टॉक कारविषयीं तुच्छतेनें बोलणारे पुष्कळ आहेत. अशा भावनेनें जो आंत शिरतो त्याला ती विद्या वश होत नाहीं, आणि होऊंही नये. जाक व्हिलनव्ह हा १९९७ चा जगज्जेता. पण २००८ सालीं त्याला डेटोनाच्या मुख्य शर्यतींत प्रवेशसुद्धां मिळाला नाहीं. त्याच्या मनांत तुच्छता होती असें मी म्हणत नाहीं. मोठें पद हा दुसऱ्या दारांतला परवाना नव्हे, एवढेंच यावरून दिसतें.

सर्वांत कठीण आक्षेप जागेचा आहे. त्या काळीं नास्कारच्या एका शर्यतींत ४३ मोटारी उतरत. बाहेरचा नामांकित मनुष्य त्यांतल्या एकींत बसला, कीं लहानपणापासून त्याच रिंगणांच्या धुळींत वाढलेला कोणी एक तरुण कुंपणाबाहेर राहिला. तो तरुण कदाचित् अधिक लायक असेल. त्याच्याजवळ नांव नाहीं इतकेंच. या आक्षेपाला पुरतें उत्तर मला सांपडत नाहीं, आणि तें सांपडलें असें भासवूंही नये. कीर्तीनें उघडलेलें दार हें एक ऋण आहे. तें फेडण्याचा मार्ग एकच दिसतो : त्या जागीं बसून मनापासून शिकणें, आणि शिकतां येत नसेल तर जागा मोकळी करणें. तरीही ऋण फिटतेंच असें नाहीं.

तिसरें उदाहरण उलट्या दिशेचें आहे. २००९ सालच्या ज्या शर्यतींत मोंतोया अकरावा आला, ती जिमी जॉन्सन यानें जिंकली. हे दोघे एकाच आठवड्यांत, सप्टेंबर १९७५ मध्यें जन्मले. जॉन्सन नास्कारचा सात वेळां अजिंक्य ठरलेला, आणि इंडियानापोलिसच्या रिंगणांत स्टॉक कारची शर्यत चार वेळां जिंकलेला. २०२१ सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, तो उघड्या चाकांकडे आला. त्या वर्षीं सतराव्या क्रमांकाच्या वर तो एकदांही गेला नाहीं. इंडियानापोलिसच्या मुख्य शर्यतीसाठीं नवशिक्यांना ठराविक वेगाच्या पायऱ्या एकेक करून चढून दाखवाव्या लागतात. ज्या रिंगणांत तो चार वेळां विजयी झाला होता, तेथेंच २०२१ च्या ऑक्टोबरांत त्यानें ही परीक्षा दिली. २०२२ च्या मुख्य शर्यतींत त्याची मोटार भिंतीवर आदळली व तो अठ्ठाविसावा आला. त्याच वर्षीं आयोवाच्या रिंगणांत तो पांचवा आला. त्याहून वरचा क्रमांक त्याला मिळाला नाहीं, आणि वर्षअखेर त्यानें ती पूर्ण वेळची उमेदवारी संपविली.

या परीक्षेच्या नियमांत मला या सर्व प्रश्नाचें मर्म दिसतें. ताशीं दोनशें मैल वेगानें धांवणाऱ्यांमध्यें एकाचें अज्ञान दुसऱ्याच्या जिवावर बेतूं शकतें, म्हणून तेथें पूर्वकीर्तीला सूट नाहीं. परक्षेत्रांत शिरावयाचें कीं नाहीं हें ठरवितांना निष्णातानें स्वतःला हेंच आधीं विचारावें : माझ्या शिकण्याची किंमत कोण देणार? वैद्यानें रोग्याच्या अंगावर नवी विद्या गिरवूं नये. अध्यापकानें मुलांच्या एका वर्षाच्या मोलानें आपला नवा विषय शिकूं नये. पण जेथें किंमत मुख्यतः आपल्याच देहाची आणि आपल्याच नांवाची आहे, आणि इतरांच्या वांट्याला येणारा धोका आधीं परीक्षा देऊन कमी करतां येतो, तेथें 'परधर्म' हा शब्द उच्चारून त्याला अडविण्याचा अधिकार कोणाला आहे असें मला वाटत नाहीं.

मग निष्णाताबरोबर जातें तें काय? हाताची संवय बहुतेक मागें राहते. कित्येकदां ती आडवीच येते. जातें तें एवढेंच : चुकीचें कारण स्वतःच्यांत शोधण्याची रीति, वयानें लहान असणाऱ्यानें सांगितलेलें ऐकण्याची तयारी, आणि अठ्ठाविसावें येऊनही पुढच्या शर्यतीला वेळेवर हजर होण्याची शिस्त. हीं ज्याच्याजवळ आहेत त्याचा स्वधर्म त्याच्या जुन्या क्षेत्रांत बांधून ठेवलेला नाहीं. तो जेथें जाईल तेथें त्याच्याबरोबर जातो. ज्याच्याजवळ हीं नाहींत, तो जन्मभर एकाच जागीं मानानें बसला, तरी तो मान त्याच्यापेक्षां त्याच्या खुर्चीचाच अधिक असतो. आपल्या घरांत, कचेरींत आणि महाविद्यालयांत पन्नाशीनंतर नवें कांहीं शिकूं पाहणाऱ्याला आपण हंसतों. २०२२ सालीं इंडियानापोलिसच्या शर्यतीबद्दल उत्कृष्ट नवशिक्याचा मान त्या शेचाळीस वर्षांच्या सात वेळां अजिंक्य ठरलेल्या मनुष्याला मिळाला. त्याची निवड योग्य कीं अयोग्य यावर तेव्हां वाद झाला. त्या वयांत त्या मानासाठीं आपलें नांव विचारांत घेतलें जावें, असें मात्र आपल्यापैकीं किती जणांनीं वागून दाखविलें आहे, हा वाद प्रत्येकानें आपल्याशींच करावा.