न वाचलेला कागद

नहेम्याच्या पाचव्या अध्यायी दुष्काळाने गांजलेले लोक शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकून धान्य आणितात. नहेम्याने त्यांस निमूटपणे सोसावयास सांगितले नाही; सभा भरवून त्याने सावकारांस जाब विचारिला.

आपल्या प्रांतीही 1875 च्या मे महिन्यात सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खते जाळिली. त्यांतील मजकूर पुष्कळांस वाचता येत नव्हता, तरी त्यावर त्यांची निशाणी होती. मग 1879 साली कायदा झाला.

आज पालीच्या पेठेत वा तुमच्या ओटीवर कोणी कर्जाचा कागद आणिला, तर प्रथम मुख्य तथ्यांचे विवरणपत्र मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून व्यक्तीच्या नव्या कर्जास ते द्यावेच लागते, तेही कर्जदारास समजणाऱ्या भाषेत. सर्व आकार धरून वार्षिक दर किती पडतो, हे त्यात असते. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. क्रेडिट कार्डास मात्र हे पत्रक नाही. तेथे दुप्पट जपावे. उपदेशकांनो, निरक्षराजवळ बसून त्यास प्रत्येक ओळ वाचून दाखवा. ही सेवा प्रार्थनेहून हलकी मानू नका. अन्याय झालाच तर बँकेस लेखी कळवा, पोच घ्या, आणि 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तेथे फी पडत नाही.