वहीतला खटला

कायद्याच्या अभ्यासक्रमात एक वही लिहावी लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांनुसार विद्यार्थ्याने एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले न्यायालयात बसून पाहायचे आणि कोणत्या दिवशी काय घडले ते नोंदवायचे. त्याला ३० गुण. वकील पक्षकाराला काय विचारतो, दावा कसा तयार होतो, कसा दाखल होतो, हे पाहून लिहिलेल्या डायरीचेही गुण वेगळे आहेत. नियम उत्तम आहे. आता ठाण्याहून कल्याणकडे निघालेल्या लोकलमध्ये लॉच्या विद्यार्थ्यांना खासगीत विचारा, वही कशी पूर्ण केलीत? मागच्या बॅचच्या कोणाची तरी मिळाली, नावे आणि तारखा बदलल्या, असे सांगणारे भेटतील, आणि सांगताना त्यांना संकोचही वाटणार नाही. व्यावसायिक नीतिमत्ता हा याच अभ्यासक्रमातला सक्तीचा पेपर आहे. त्यात ते उत्तीर्ण झालेले असतात.

यात मी एकट्या विद्यार्थ्याला दोषी धरत नाही. नोकरी प्रमाणपत्राने मिळते, ही श्रद्धा त्याच्या मनात आपणच रुजवली आहे. म्हणून ‘काय शिकू?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘सीव्हीत काय घालू?’ हा पुढे येतो. तासाभराच्या वेबिनारचे ई-प्रमाणपत्र, नाव तेवढे दिलेल्या समितीचे सदस्यत्व, एका वकिलाच्या लेटरहेडवर महिन्याभराच्या इंटर्नशिपचा दाखला, प्रत्यक्षात हजेरी चार दिवसांची. हा ताईतच झाला. गळ्यात बांधला की काम झाले. आत काय आहे ते उघडून पाहायचे नसते.

उघडून न पाहण्याची किंमत डोंबिवलीला नीट ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. बनावट परवानग्यांच्या आधारे त्यांच्यासाठी महारेराचा नोंदणी क्रमांक मिळवलेला होता. म्हणजे घर घेणाऱ्याजवळ क्रमांक होता, कागद होता, शिक्का होता. कागदामागे मात्र काहीच नव्हते. त्या कुटुंबांपाशी सातबारा आणि फेरफार वाचू शकणारा, बांधकाम परवानगी खरोखर दिली होती का हे महापालिकेत जाऊन विचारणारा एक जाणकार असता तर? कायद्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगला ‘उपक्रम’ कोणता हवा? गृहनिर्माण संस्थेच्या मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बोलीभाषेतल्या डीम्ड कन्व्हेयन्सची, एक फाइल पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत लावलेल्या मुलीला या पट्ट्यात काम शोधत फिरावे लागेल, असे मला वाटत नाही. इथे जुन्या सोसायट्यांना तोटा नाही आणि पुनर्विकासाचे बोर्ड गल्लोगल्ली लागले आहेत.

आक्षेप येईल: मोठ्या लॉ फर्म मूट कोर्ट, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा, पाहतात, सोसायटीची फाइल नाही. काही फर्म पाहतात, खरे आहे. मूट ही चांगली कसरत आहे; निवाडे वाचावे लागतात, उभे राहून बोलावे लागते, न्यायाधीशाने मध्येच तोडले तर सावरावे लागते. ज्याला ती आवडते त्याने जरूर करावी. पण इथल्या बहुतेकांचे काम ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर नाहीतर कल्याणच्या न्यायालयात, बँकेच्या विधी विभागात किंवा नोंदणी कार्यालयाच्या आसपास असणार आहे. तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. इंग्रजीत ‘माय लॉर्ड’ घोटलेल्या तरुणाला मराठी जबाब वाचून त्यातली विसंगती दाखवता आली नाही, तर त्याच्या ट्रॉफीचे पक्षकाराने काय करायचे?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: ओळखीशिवाय कोण उभे करते? न्यायमूर्ती अभय ओक यांनी १९८३मध्ये वकिली सुरू केली ती ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. हे उदाहरण दिले की कोणीतरी म्हणणारच, सुरुवात वडिलांच्या चेंबरमध्ये झाली होती. बरोबर. प्रत्येकाच्या घरात चेंबर नसते. म्हणूनच प्रत्येक विधी महाविद्यालयाने विधी सहाय्य केंद्र चालवावे आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी तिथे काम करावे, असे बार कौन्सिलचे नियम सांगतात. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील माणूस यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ठाणे कारागृहात किंवा कल्याणच्या आधारवाडी कारागृहात जामीन मंजूर होऊनही हमीदाराअभावी आत राहिलेल्या कैद्याला ही तरतूद कोण समजावून सांगणार? केंद्राच्या दारावर पाटी असते. तिच्याखाली टेबल, रजिस्टर आणि माणूस असतो का, हे प्रवेश घेतानाच विचारायला हवे. आपण कँटीन पाहून येतो.

दिवसा नोकरी करून शिकणाऱ्यांची अडचण मी हलकी मानत नाही. न्यायालय त्यांच्या कचेरीच्या वेळातच चालते. तरी राष्ट्रीय लोकअदालत शनिवारी भरते आणि सोसायटीच्या सभा रविवारी होतात.

ज्येष्ठ वकिलांचा हिशेब मात्र बाकी आहे. मूल्यांवर व्याख्यान देणारे, आणि वर्षभर झेरॉक्स काढणाऱ्या ज्युनियरला लोकलच्या पासाचे पैसेही न देणारे. ऑक्टोबर २०२४मध्ये बार कौन्सिलने ज्युनियरना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती. पोटाला काही न देता प्रामाणिकपणा मागायचा, ही वसुली झाली. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तिचाही दाखला प्रमुख न्यायिक अधिकारी देणार, नाहीतर दहा वर्षे वकिली झालेला ज्येष्ठ देणार आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची मान्यता लागणार. या दाखल्याचीही वही होऊ द्यायची का?

थांबवायचे असेल तर नवा नियम लागत नाही. न्यायालयात रोज काय झाले याचा रोजनामा असतो आणि प्रकरणाच्या तारखा ई-कोर्टच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. तोंडी परीक्षेच्या वेळी परीक्षकाने वहीतला खटल्याचा क्रमांक फोनवर टाकावा, विद्यार्थ्यासमोरच. वहीत त्या दिवशी कडाक्याची उलटतपासणी झालेली असेल आणि संकेतस्थळावर न्यायाधीश रजेवर असतील, तर पुढचा प्रश्न विद्यार्थ्याला विचारू नये. त्या पानाखाली ज्याची सही आहे, त्या प्राध्यापकाला आत बोलवावे.